मांडी घालून बसायचं टेबल

"झालंच समजा" असं म्हणून नाखवा बाईंनी ज्या ज्या गोष्टींना हात घातला, त्यातल्या निम्म्या तरी खरोखर झाल्या. उरलेल्या निम्म्यांचं काय झालं, हे त्यांना विचारायची आमच्या शाळेत कोणाची छाती नव्हती.

सुमन नाखवा. पनवेलच्या ज्या शाळेत मी उभी हयात मराठी शिकवलं, त्याच शाळेत त्या गणित शिकवत. अंगाने काटकुळ्या आणि आवाजाने दणकट. आमचे वर्ग शेजारी शेजारी होते, मध्ये एक पातळ भिंत. मी इकडे कविता रंगात आणत असताना पलीकडून "म्हणून क्ष बरोबर किती?" असा प्रश्न आला, की माझ्या वर्गातला एखादा पोरगा कविता सोडून उत्तर देऊन मोकळा व्हायचा. मी एकदा बाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, "उत्तर बरोबर होतं का त्याचं?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक!" "मग तक्रार कसली करता, सर?" विषय संपला.

बाई गेल्या तेव्हा मी नाशिकला मुलीकडे होतो. शेवटचं दर्शन झालं नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर त्या अजून चांगल्या हिंडत्याफिरत्या आहेत आणि कोणावर तरी डाफरताहेत. मला ते बरं वाटतं.

त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसे, मोजपट्टी असे. पोलादी, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. कुठेही गेल्या की मोजायच्या. बँकेचं काउंटर, दवाखान्यातलं बाक, एसटी स्टँडवरच्या उपाहारगृहातलं संगमरवरी टेबल. मोजून त्या त्यावर शेरा देत, आणि तो बहुधा नापासाचा असे. खारघरला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. हॉल झगझगीत. जेवायला बसलो आणि शेजारी बघतो तर बाई गायब. खाली वाकलो, तर त्या पैठणी सावरत टेबलाखाली शिरलेल्या! आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी आपलं सारवासारव करत म्हटलं, "कानातलं पडलंय त्यांचं." झालं! वाढपी, वरमाय, दोन करवल्या, सगळे गुडघ्यांवर. एका उत्साही गृहस्थांनी तर शेजारचं टेबलही हलवलं. थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या, दोन्ही कानांत दोन्ही कुड्या शाबूत, आणि त्या अख्ख्या शोधपथकाला म्हणाल्या, "नुसते स्क्रू मारलेत हो. एक सांधा धड नाही." मग शांतपणे बसून त्यांनी जिलबी मागितली. मी मात्र पुढची दोन वर्षं त्या सहकाऱ्याची नजर चुकवत होतो.

निवृत्तीनंतर लोक हरिद्वारला जातात, हास्यक्लबात जातात. बाईंनी तळ्यामागच्या गल्लीतल्या आपल्या बैठ्या घराच्या पाठीमागे स्कूटरसाठी असलेली पत्र्याची शेड रिकामी केली आणि तिथे सुतारकाम मांडलं. करवत, रंधा, पटाशी, गुण्या. एकेक हत्यार त्यांनी बाजारात स्वतः हाताळून, दुकानदाराशी भांडून आणलं. शिकवायला कोणी नव्हतं. थोडं मोबाइलवर बघून, बरंचसं आडदांडपणाने त्या शिकल्या. पहिलं स्टूल झालं तेव्हा मला चहाला बोलावलं. मी बसलो, स्टूल मोडलं, चहा माझ्या अंगावर. कोणीही म्हटलं असतं, "अगंबाई, लागलं का?" बाई माझ्याकडे न बघता मोडक्या पायाकडे बघत म्हणाल्या, "हां! इथून तुटतं होय. आता कळलं."

चुकलं, माफ करा, असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती. शाळेतल्या इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. फळ्यावर गणित चुकलं तरी त्या "हे असं केलं की चुकतं" म्हणून पुढे जात, जणू मुद्दामच दाखवलं होतं. मुलं बिचारी ते वहीत उतरवून घेत. आम्हाला याची गंमत वाटायची. त्या स्वभावाने त्यांचं घर मोडायची वेळ आणली, तेव्हा वाटेनाशी झाली.

घर म्हणजे एक भाऊच. बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्या मूळच्या उरणजवळच्या करंज्याच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. वडिलांची सागवानी होडी होती. धाकटा भाऊ काशिनाथ, त्यांचा काशा, सातवीतून शाळा सोडून त्या होडीवर गेला, कारण घरात एकालाच शिकवणं परवडणारं होतं आणि ताईचं डोकं चांगलं होतं. हे बाईंनीच मला सांगितलं होतं, तेही फुशारकीनं, आपल्या नव्हे, भावाच्या. "माझी पदवी अर्धी त्याची आहे," असं म्हणायच्या. दर पावसाळ्यात, समुद्र बंद असताना, काशिनाथ सहकुटुंब पनवेलला यायचा. चार दिवस त्या घरात नुसता कल्ला असायचा.

वडील गेले. होडी म्हातारी झाली, पाणी घ्यायला लागली. काशिनाथने ती मोडून फायबरची घ्यायचं ठरवलं. त्यात चूक काहीच नव्हतं. बरोबर चार खलाशी असायचे, त्यांचा जीव त्याच्या हवाली. पण बाई नेमक्या होडी मोडायच्या दिवशी करंज्याला गेलेल्या. बंदरावर, जेटीवरच्या सगळ्या माणसांसमोर, त्या आपल्या दणकट आवाजात म्हणाल्या, "बापाला मारलंस तू, काशा."

ज्या माणसाने त्या होडीवर आपलं आयुष्य घालवलं, त्याला हे ऐकावं लागलं. तो तिथून निघाला. घरी जाऊन म्हणाला, यापुढे ताईच्या घरात पाय ठेवणार नाही. आणि खरंच ठेवला नाही. पहिला पावसाळा तसाच गेला. फोन घ्यायची ती वहिनी, आणि "ते बाहेर गेलेत" म्हणायची तीही वहिनीच.

बाईंना आपली चूक कळायला आठवडाही लागला नसेल. पण कळणं आणि म्हणणं यांत त्यांच्या बाबतीत मोठंच अंतर होतं. त्यांनी काय केलं, तर टेम्पो घेऊन पुन्हा करंज्याला गेल्या आणि मोडलेल्या होडीच्या धडक्या फळ्या उचलून पनवेलला आणल्या. काशिनाथ लांब उभा राहून बघत होता, अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी मला शेडमध्ये बोलावून त्या म्हणाल्या, "याचं जेवायचं टेबल करणार. काशा येईल, त्यावर जेवेल. झालंच समजा."

मी त्या फळ्यांकडे बघितलं. काळ्या, वाकड्या, खिळ्यांनी भरलेल्या. वास असा की गल्लीतली झाडून सगळी मांजरं येऊन त्यावर बसलेली. टेबल सोडाच, मला त्यात पाटसुद्धा दिसेना.

पण बाईंना टेबल दिसत होतं. आधी त्यांनी एक अख्खा पावसाळा त्या फळ्या अंगणात उघड्यावर ठेवल्या, मीठ धुऊन जायला. शेजाऱ्यांनी नाकाला पदर लावला. मग हिवाळाभर शेडमध्ये वाळवल्या. मांजरं कंटाळून निघून गेली. खिळे उपसताना बाईंच्या हाताला फोड आले, रंध्याची पाती दर दोन दिवसांनी बोथट व्हायची. होडीची फळी बाकदार असते, ती सपाट करायची म्हणजे अर्धं लाकूड भुशात जातं. एका संध्याकाळी गेलो, तर बाई एका फळीवर तळवा ठेवून उभ्या. काळी साल गेली होती आणि आतून मधाच्या रंगाचा साग निघाला होता. "बघा," म्हणाल्या. मी बघितलं. खरंच सुंदर होतं. तोंडातून 'वा' निघून गेलं, आणि बाई अशा काही बघायला लागल्या की तो साग त्यांनीच पेरला असावा.

टेबलाची खरी गोम पुढेच होती. काशिनाथ खुर्चीवर पाय सोडून कधी जेवला नव्हता. घास खाली उतरत नाही म्हणायचा. टेबलावरचं जेवण म्हणजे हॉटेल, असं त्याचं मत. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मग टेबल कशाला, पाट करा. पण बाईंचे स्वतःचे गुडघे गेले होते. त्यांना जमिनीवर बसता येत नव्हतं. तो खाली आणि आपण वर खुर्चीत, असं त्यांना नको होतं. त्यामुळे त्यांनी बसायला खुर्च्यांऐवजी चौरंगाइतकी रुंद, दोन लांब बाकं करायचं ठरवलं. ज्याला मांडी घालायची त्याने घालावी, ज्याला पाय सोडायचे त्याने सोडावेत, ताटं मात्र एका उंचीवर. आणि सगळं टेबल खाचा, जिभा आणि लाकडी पाचरा यांवर उभं. डिंकाचा थेंब नाही. आपल्याकडे लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं; सगळं घट्ट चिकटवून टाकलं तर ते मधोमध चिरतं, असं त्यांनी मला समजावलं. मी नेहमीप्रमाणे मान डोलावली.

दुसरा पावसाळा लागला. होड्या बंदराला लागल्या. बाईंनी मला करंज्याला पिटाळलं. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात जाणार, त्याआधी काशिनाथने एकदा जेवायला यावं, हे सांगायला. "तुम्ही का नाही जात?" असं विचारायची सोय नव्हती.

एसटीने उरण, पुढे रिक्षा. काशिनाथ ओटीवर मांडी घालून जाळं दुरुस्त करत बसला होता. रुंद खांद्यांचा, बाईंच्या अगदी उलट. मला बघून हसला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी निरोप दिला. त्याचे हात थांबले.

"मास्तर, तुमी आलात, बरा वाटला. तुमी रोज या. पन तिचा निरोप नका आनू."

"टेबल केलंय हो बाईंनी. वडिलांच्या होडीचं."

"ठाव हाय मना. ती करंल. तिला काय बी येतं. फक्त एक येत नाय." जाळ्यातली गाठ त्याने दाताने ओढली. "मना एकट्याला बोलली असती ना, मी दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. सगल्यांसमोर बोलली. मी तिच्या घरात पाय ठेवनार नाय."

मी परत आलो. बाई शेडमध्ये उभ्याच होत्या. मला वाटलं, काय म्हणाला ते विचारतील. त्यांनी विचारलं, "मांडी घालून बसला होता?"

"हो."

"गुडघे किती रुंद पसरतात त्याचे? ओटीची फरशी किती व्यापली?"

मी थक्क झालो. मग जमिनीवर बसून दाखवलं, हातांनी अंतर दाखवलं. त्यांनी मोजपट्टी लावली आणि चेहरा पडला. टेबल त्यांनी आपल्या गुडघ्यांवर बेतलं होतं. खात्री करायला मला बाकावर मांडी घालून बसवलं. मी काही काशिनाथइतका रुंद नाही, पण पोट आहे. बसलो, आणि टेबलाच्या खालच्या पट्टीत माझे दोन्ही गुडघे असे अडकले की मला ना पुढे सरकता येईना ना उठता. बाईंनी पाचर काढून टेबलाची एक बाजू सोडवली तेव्हा मी सुटलो.

"हे असं केलं की चुकतं," बाई म्हणाल्या, पण या वेळी आवाज बारीक होता. त्यांनी ती पट्टी काढली, खालून कमानीसारखी कोरली, पुन्हा बसवली. पुन्हा मला बसवलं. या वेळी गुडघे ऐसपैस. मग मी काशिनाथ काय म्हणाला ते सांगितलं, शब्दन् शब्द. त्या पट्टीवर कानस घासत राहिल्या. कापलेला भाग गुळगुळीत झाला तरी घासतच होत्या.

पौर्णिमा जवळ आली. टेबल तयार झालं, तेलपाणी झालं. बाईंनी पुन्हा फोन केला. वहिनीने रडवेल्या आवाजात सांगितलं, "ताई, ते नाय ऐकत. त्यांनी आता सबूद दिलाय." बाई फोन ठेवून त्या टेबलाशी बसल्या. एवढं मोठं टेबल आणि एका टोकाला एकट्या बाई. मी त्यांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. म्हणाल्या, "सर, तो नाही आला तर मला कोणी नाही." मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

सकाळी फोन. "या. हात लावायला माणूस हवाय." गेलो तर दारात टेम्पो आणि बाई हातोडीने पाचरा ठोकून काढताहेत. टेबल सुटं झालं होतं.

"त्याने माझ्या घरात यायचं नाही म्हटलंय ना?" त्या म्हणाल्या. "नको येऊ दे. टेबल थोडंच घर आहे!"

टेम्पोवाल्याने त्यांना पुढे बसायचा आग्रह केला. त्यांनी मला पुढे बसवलं आणि स्वतः मागे, ताडपत्री पांघरून, फळ्यांना धरून बसल्या. उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे भलेमोठे ट्रेलर आमच्या अंगावरून जात होते. मी दर थोड्या वेळाने मागच्या जाळीतून बघत होतो. दरवेळी बाई आपल्या जागी, नजर रस्त्यावर.

काशिनाथच्या दारात, जाळी वाळवायच्या मांडवाखाली, बाईंनी टेबल उभं केलं. एकेक पाचर ठोकताना आवाज गल्लीभर घुमला, आणि माणसं जमली. जेटीवर त्या दिवशी जे होते, ते बरेचसे इथे होते. बाईंना ते हवंच होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. काशिनाथ आवाज ऐकून बाहेर आला आणि उंबऱ्यात थबकला.

बाईंनी हातोडी खाली ठेवली. पदराला हात पुसले.

"काशा," त्या म्हणाल्या, आवाज वर्गातलाच, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "मी चुकले. होडी मोडलीस ते बरोबर केलंस. मी सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

काशिनाथ पुढे आला. टेबलाला एक फेरी मारली. फळीच्या कडेखाली हात घालून चाचपलं. मग बाईंकडे न बघता आत ओरडला, "अगो, जेवान हाय का नाय? ताई सकालपासून उपाशी दिसते." आणि बाकावर चढून मांडी घालून बसला. गुडघे आरामात बसले. बाईंनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. शेरा मला कळला. पासाचा होता.

मला जेवायला थांबायचा फार आग्रह झाला, पण टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं आणि तो हॉर्न वाजवायला लागला. बाई पौर्णिमेपर्यंत तिथेच राहणार होत्या. मी पुढच्याच आठवड्यात नाशिकला गेलो, त्यामुळे त्या दिवशी टेम्पोच्या खिडकीतून जे दिसलं तेच शेवटचं.

वहिनीने चिंबोऱ्यांचं कालवण आणलं होतं. दोघं भावंडं समोरासमोर न बसता एकाच बाकावर शेजारी बसली होती, तो मांडी घालून, या पाय सोडून. काशिनाथने चिंबोरीची जाडजूड नांगी उचलली, त्या मधाच्या रंगाच्या, आरशासारख्या तासलेल्या, तेल पाजलेल्या सागावर ठेवली आणि तांब्या उलटा धरून वरून दाणकन हाणला. नांगी फुटली. टेबलावर चांगला खड्डा पडला असणार. त्याने आतलं मांस काढून ताईच्या ताटात टाकलं. आणि नाखवा बाई, खाली मान घालून, दुसरी नांगी त्याच्याकडे सरकवत होत्या.